भानू अण्णांचा कान

भानू अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भूमच्या चौकात फ्लेक्स लागला. वर ठळक अक्षरात 'भूमचा कान हरपला', मधी अण्णांचा फोटो आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग, एकेकाच्या डोळ्याला गॉगल. अण्णांनी जन्मात फेटा बांधला न्हाय, पण कॉम्प्युटरवर त्यांच्या डोक्यावर भगवा फेटा बसवला होता. मी दुकान उघडायला निघाले होते. तिथंच थांबले, खालचे चेहरे एकेक करून बघितले, आणि खरं सांगते, तो फ्लेक्स तिथल्या तिथं टराटरा फाडावा असं वाटलं. ती सगळी माणसं त्या पाडव्याला मैदानावर होती. खरं सांगायला एकानं तोंड उघडलं न्हवतं. आणि आता कान हरपला म्हणे!

मी मंगल. स्टँडच्या रोडला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान हाय. अण्णांचं इंजन दुरुस्तीचं शेड आणि माझं दुकान एकाच छपराखाली, मधी नुसता पत्रा. नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी भूमला आले, तेव्हा शिलाई मशीन ठेवायला मला कुणी जागा देईना. एकट्या बाईला गाळा द्यायचा म्हणजे लोकांच्या पोटात गोळा येतो. अण्णांनी शेडचा एक कोपरा रिकामा केला, स्वतः पत्रा ठोकला आणि म्हणाले, "बस हितं. कुणी वाकडं बोललं तर मला सांग, त्याच्या गाडीचा प्लग काढून ठेवतो." हे मी विसरलेले न्हाय. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं.

अण्णा उंच, वाळके, आणि इंजनाच्या धंद्यात असून अंगात कायम पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा. मी लेडीज टेलर, पण त्यांचे सदरे मीच शिवायची. त्या सदऱ्यावर तेलाचा डाग दिसायचा न्हाय. कारण अण्णा आधी हात लावायचेच न्हाईत. आधी ऐकायचे. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता त्यांचा. त्याचं टोक चालत्या इंजनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. तो हात वर गेला की सगळा रोड गप झाला पायजे. समोरच्या हॉटेलातला टीव्ही बंद, भाजीवालीचं ओरडणं बंद. माझी मशीन चालू असली तर पत्र्यावर धाडकन थाप यायची, "मंगल, मशीन थांबीव! इंजन बोलतंय!"

मी पायडलवरचा पाय उचलायची. मग अण्णा डोळे मिटूनच निकाल द्यायचे. याची बेरिंग गेली, याचा पंप हवा धरतोय, याच्या मालकानं तेल बदललंय म्हणून खोटं सांगितलंय. शेवटचं खरं निघालं की मालकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आता कुणाला वाटंल, असा गुणी माणूस म्हणजे स्वभावानं देवमाणूस असणार. अजिबात न्हाय! जीभ म्हणजे कानस. ज्याला इंजनाचा बिघाड ऐकू यायचा न्हाय त्याला ते एकच शिवी द्यायचे, "बहिरट." शेतकरी असो, बँकेचा साहेब असो, फौजदार असो. "बहिरट हायस का रं? एवढा टाळ वाजतोय आत, आन् म्हणतोस काय बी न्हाय?" माणसं हसून घ्यायची. काम अण्णांकडूनच करून घ्यायचं असायचं ना.

एकदा शेजारच्या वाशी गावाला एका लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगत बसली, अण्णांच्या पानात बुंदी पडली, आणि मांडवामागं जनरेटर चालू होता त्याच्यात त्यांना काहीतरी खटकलं. उठले की हो भरल्या पानावरून! जनरेटर बंद केला, मांडवात अंधार, बँडवाले गप, नवरीचा बाप धावत आला. अण्णा त्याच्यावरच ओरडले, "तासाभरात पेटला असता हा डबा. पोरीचं लग्न लावतोयस का होळी करतोयस?" जनरेटर नीट केला, हात धुतले, आणि न जेवता जीपमधी जाऊन बसले. बुंदी गार झाली म्हणून रुसले होते. आम्हाला कुणालाच धड जेवता आलं न्हाय. परतीच्या वाटेवर सगळे गप आणि अण्णा मात्र खुशीत, पुढून येणाऱ्या गाड्यांची दुखणी सांगत बसलेले.

दुसरी खोड वाईट होती. सेटिंगचा स्क्रू ते कुणाच्या हातात द्यायचे न्हाईत. शेडमधी किती गडी आले आणि गेले. इंजन खोलायचं, धुवायचं, बसवायचं काम त्यांचं. शेवटचा स्क्रू अण्णांचा. "बघ. हात लावू नको." त्यांच्या स्वतःच्या पोराला, संजयला, तेच. संजय कॉलेजातनं आला की शेडमधी उभा राहायचा. मला पत्र्याच्या फटीतनं दिसायचं. हात मागं बांधून उभा, बाप स्क्रू फिरवतोय ते बघत. एकदा म्हणाला, "अण्णा, एकदा मी फिरवू?" अण्णा म्हणाले, "तुझा कान कच्चा हाय." विषय संपला. संजय पुढं पुण्याला गेला, चाकणकडं एका कंपनीत लागला, तिथंच संसार मांडला. येणं दिवाळीपुरतं. काकू, म्हणजे त्याची आई, गेल्यावर तर दोन दिवसांपुरतं. पाडव्याला बापाकडं, भाऊबीजेला मी ओवाळायची, आणि संध्याकाळची गाडी.

कानाचं मला आधी कळलं. कळणारच, पत्र्यापलीकडं मीच होते. एका दुपारी मी घाईच्या ब्लाउजवर बसले होते, मशीन सुसाट चाललेली. मधीच फटीतनं लक्ष गेलं तर अण्णांचा हात वर! डोळे मिटलेले, स्क्रू ड्रायव्हर कानाला. म्हणलं, आता थाप बसणार. थाप आली न्हाय. मी मुद्दाम पाय मारत राहिले. अण्णा ऐकत राहिले, शेवटी मान हलवून "झालं" म्हणाले. तेव्हा वाटलं, म्हातारा निवळला. बरं वाटलं मला!

मग काही महिन्यांनी एकदा मी भाकरी खात बसले होते. मशीनवर कव्हर घातलेलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले. "मंगल, तुझ्या मशीनला तेल दे गं. लई शीळ घालायला लागलीय."

"अण्णा, मशीन बंद हाय."

"आता न्हाय गं. सकाळपासनं. कालबी होती." आणि मशीनकडं असं रागानं बघितलं जसं ती त्यांना चिडवतीय. घास माझ्या हातातच राहिला. शीळ त्यांच्या कानात होती. तिथंच वाजत होती, दिवसरात्र.

तरी पाच-सहा महिने ते धकलं. डिझेलचं इंजन मोठं, त्याचा धक्का त्या स्क्रू ड्रायव्हरातनं सरळ हाडात जातो. कानानं नसेल, हाडानं ऐकायचे. निकाल बरोबर निघायचे. मी म्हणलं, आपण कशाला बोला?

त्या दिवाळीला संजय दोन दिवस आधीच आला, खोकं घेऊन. खोक्यात हातभर लांबीची मोटार. खेळण्यातली दिसायची, पण आत खरं इंजन. आगपेटीएवढं! पुण्यात त्याच्या ओळखीची काही माणसं सुट्टीच्या दिवशी माळावर असल्या गाड्या पळवायची, त्याला नाद लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या हौसेसाठी काही घेतलं. घेतलं आणि खोकं न फोडता भूमला आणलं. मला म्हणाला, "मंगलताई, पहिल्यांदा अण्णांनीच सुरू करावी. मग शेवटचं सेटिंग मी मागणार हाय. या वेळी देतील." चाळिशीला आलेला माणूस, पण हे बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अण्णांनी खोक्यात बघितलं आणि म्हणाले, "हे इंजन हाय का देव्हाऱ्यातली घंटी?" पण मी ओळखत होते त्यांना. डोळे चमकले होते.

शेडमधी लाकडी ठोकळ्यावर गाडी ठेवली, चाकं हवेत. तेल वेगळं, गुलाबी, सीलबंद बाटलीतलं. नायट्रो म्हणायचा संजय. वास असा की नखपॉलिशात एरंडेल ओतलंय. त्याचा प्लग ठिणगी टाकत न्हाय. वरून बॅटरीची दांडी लावायची, आतली तार लालभडक होते, मग दोरी ओढायची, आणि इंजन चालू झालं की दांडी काढली तरी तार आपली आपण लाल राहते. संजयनं दोरी ओढली. ओढली, ओढली, आणि दोरी अडकलीच. त्याचा घाम निघाला. अण्णांनी त्याला बाजूला सारलं. "तेल पाजून पाजून बुडवलंस त्याला." प्लग काढला, गाडी उताणी केली आणि दोरीला झटका दिला तशी गुलाबी तेलाची पिचकारी सरळ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर! मी फटीतनं बघत होते, मला वाटलं आता गाडी रोडवर फेकली जाते. तर अण्णा हसले. खदखदून हसले. संजयपण हसला. काकू गेल्यानंतर त्या शेडमधी बापलेक एकत्र हसलेले मी तेवढेच ऐकले.

पुढच्या झटक्याला इंजन फुर्र झालं. आणि मग जे दोन दिवस गेले ते अण्णांचे. नवीन इंजन घट्ट असतं, पिस्टन वरच्या टोकाला धरतो. त्याला एकदम पळवायचं न्हाय. तेल जास्त सोडायचं, धूर काढत, थुंकत, रडतखडत चालू द्यायचं. टाकी संपली की गार होऊ द्यायचं. परत टाकी. अण्णा एवढासा स्क्रू ड्रायव्हर त्या इंजनाला लावून पोथी ऐकल्यासारखे बसायचे. बोटानं पाण्याचा थेंब इंजनाच्या डोक्यावर टाकायचे. थेंब हळूहळू चुरचुरत आटला तर ठीक, उडाला तर फार तापलंय. तव्याचा अंदाज घेतात तसं. संजयकडं त्यासाठी पिस्तुलासारखं यंत्र होतं, लांबूनच आकडा दाखवायचं. अण्णा म्हणाले, "ठेव ते. डॉक्टर हायस का?" पण चिडून न्हाय, लाडानं. आणि एकदा तर मी कानांनी ऐकलं, "उद्या मैदानात पळवू. तिथं बघू तुझा हात."

मी त्या रात्री दिवा लावताना देवाला हात जोडले. माझं काय अडलं होतं त्यात? काही न्हाय. पण वाटलं, या माणसाला पोरगा मिळू दे.

पाडव्याला सकाळी शाळेच्या मैदानावर जत्रा जमली. जमवली बाळूशेठनं. बाळूशेठ म्हणजे बी-बियाण्याचा दुकानदार. अण्णांच्या शेडमधी रोज चहाला, आणि अण्णा जे म्हणतील त्याला "व्हय अण्णा". त्यानं मोबाइलवरून गावभर निरोप फिरवला होता. गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवायला गेले तर लिंबू चाकाच्या बरोबरीचं निघालं, गाडी त्यावर चढेना. लोक पोट धरून हसले. अण्णापण. शेवटी लिंबू हातानंच फोडलं.

गाडी सुटली. रिमोट संजयच्या हातात, अण्णा मैदानाच्या मधोमध. गाडी मागं धुराची शेपूट सोडत चकरा मारायची आणि अण्णांच्या पायाशी येऊन थांबायची. अण्णा वाकून स्क्रू अगदी कणभर आत घ्यायचे. स्क्रू आत गेला की तेल कमी होतं, इंजन हलकं होतं, वेग वाढतो, पण फार आत गेला की धूर संपतो आणि इंजन कोरडं तापतं. पहिल्या दोन-तीन वेळा झकास झालं. गाडी पाखरासारखी पळायला लागली. लोक शिट्ट्या मारायला लागले. संजयनं रिमोट बाळूशेठच्या हातात दिला आणि हात पुढं केला. "अण्णा, आता मी?"

"थांब. जड बोलतंय अजून."

जड न्हवतं हो! मी कुंपणापाशी उभी होते, मला इंजनातलं ओ का ठो कळत न्हाय, पण आवाज चढला होता हे कुणालाही कळत होतं. पण अण्णांना तो वरचा आवाज पोचतच न्हवता. आणि पळत्या गाडीला स्क्रू ड्रायव्हर लावून हाडानं ऐकता येत न्हाय. त्यांनी स्क्रू अजून आत घेतला. संजय म्हणाला, "अण्णा, बास. धूर बारीक झालाय. एकदा ताप बघू द्या." त्यानं ते पिस्तूल काढलं.

"आला डॉक्टर!" अण्णा लोकांकडं बघून म्हणाले. लोक हसले. आदल्या दिवशीचा लाड त्यात न्हवता. चार माणसं बघत होती ना आता. पाण्याचा थेंबसुद्धा टाकला न्हाय त्यांनी.

बाळूशेठ म्हणाला, "अण्णा, अजून जरा घ्या. तुमच्या कानापुढं यंत्र काय करणार?"

अण्णांनी अजून जरा घेतलं. संजयनं रिमोट परत घेतला, त्याचा चेहरा उतरला होता, पण बापानं "सोड" म्हणल्यावर सोडली. गाडी मैदानाच्या टोकाकडं सुटली. मिक्सरमधी रिकामं भांडं फिरवल्यासारखी किंचाळत होती. मागं धूर अजिबात न्हवता. अण्णांनी बघितलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं. पण अण्णांनी सवयीनं डोळे मिटले आणि डावा हात वर केला. सगळं मैदान गप झालं.

तेवढ्यात चिर्र झालं आणि इंजन मेलं.

गाडी तशीच थोडी घरंगळली आणि कडुलिंबाच्या झाडाखाली जाऊन थांबली. आवाज शून्य. आणि अण्णा मधोमध उभे, डोळे मिटलेले, हात वर, चेहऱ्यावर समाधान. मान हलवली त्यांनी. म्हणाले, "हां... आता आलं बघ सुरात."

सगळ्यांना कळलं. एका क्षणात सगळ्या भूमला कळलं, की हा माणूस कानातली शीळ ऐकतोय. माणसांनी एकमेकांकडं बघितलं. दोन-तीन मोबाइल चालू होते ते चालूच राहिले. आणि बाळूशेठ मोठ्यानं ओरडला, "व्हय अण्णा! एकदम सुरात!" कुणीतरी गमजा तोंडात कोंबून हसलं.

संजय पळत सुटला तेव्हा मैदान हादरलं म्हणा, सावली हलली म्हणा, अण्णांनी डोळे उघडले. पोरगा लांबून गाडी उचलून आणताना दिसला. ते इंजन एवढं तापलं होतं की संजयनं शर्टाच्या घोळात धरून आणलं. अण्णांनी दोरी ओढून बघितली. दगड. पिस्टननं धरलं होतं. नवीन इंजन, दोन दिवस तळहातावर जपलेलं, भंगार झालं होतं.

अण्णांनी लोकांकडं बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, तिथं भीती होती. पहिल्यांदाच बघितली मी. मग ती गेली आणि जीभ आली. "तेल भेसळीचं हाय. कुठनं उचललंस हे? एवढी वर्षं पुण्यात राहून बहिरटच राहिलास, बहिरट!"

बाटलीचं सील माझ्यासमोर फोडलं होतं. संजयला ते ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं त्याला. मला वाटलं, बोल रं, आता तरी बोल. संजय म्हणाला, "व्हय अण्णा. तेलच खराब होतं. म्या बघून आणायला पायजे होतं."

लगेच सगळीकडून सुरू झालं. तेलाचंच काम. पुण्यात सगळं भेसळीचंच मिळतं. अण्णांच्या हातून इंजन बिघडंल का कधी? माणसं अण्णांच्या पाठीवर थाप मारून घरी जेवायला गेली. दुसऱ्या दिवशी मी ताट करून बसले, निरांजन लावलं, तर संजय पहाटेच्या गाडीनं गेलेला. भाऊबीज न करता तो पहिल्यांदाच गेला.

आता मला सांगा, बापाची इज्जत पोरानं झाकली हे चांगलं केलं म्हणायचं का? सगळे म्हणतात चांगलं केलं. मी म्हणत न्हाय. तिथंच कुणी "अण्णा, इंजन बंद पडलंय" एवढं म्हणलं असतं तर माणूस दोन दिवस रुसला असता आणि तिसऱ्या दिवशी बार्शीला कानाच्या डॉक्टरकडं गेला असता. मान राखायचा म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना जिवंतपणी एका खोलीत कोंडलं आणि बाहेरनं कडी घातली.

मी सांगितलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. दुपारची वेळ बघितली, शेडमधी कुणी न्हाय असं बघितलं, चहा घेऊन गेले. खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, तेल चांगलं होतं. तुम्हाला ऐकू येत न्हाय."

"काय म्हणालीस?"

मी जरा मोठ्यानं म्हणलं. अण्णांनी कान पुढं केला. "नीट बोल की. तोंडात काय पान हाय का?"

अशी गोष्ट खाजगीत सांगताच येत न्हाय, हे तेव्हा मला कळलं. तिसऱ्यांदा मला ओरडावंच लागलं. "तुम्हाला ऐकू येत न्हाय, अण्णा! डॉक्टरकडं चला!" समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी त्या माणसांकडं बघितलं, मग माझ्याकडं. चहा तसाच ठेवला.

"ऐकू येत न्हाय?" ते म्हणाले. "कशानं येत न्हाय, सांग की. तुझ्या मशीननं. इतकी वर्षं कानाला कडकड कडकड. म्याच जागा दिली, म्याच पत्रा ठोकला. माझीच चूक."

मी कप उचलला आणि आले. डोळ्यात पाणी होतं पण रडले न्हाय. आठ दिवसात गवंडी आला. पत्रा काढला आणि मधी विटांची भिंत घातली, प्लॅस्टर करून. त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी बोलले न्हाईत. समोर आले तर मान फिरवायचे. बाळूशेठ मात्र रोज चहाला.

पुढचा खेळ तर फारच गोड होता. गावानं ठरवून केल्यासारखा. माणसं अण्णांकडं इंजन आणायची, अण्णा हात वर करायचे, सगळे गप उभे राहायचे, अण्णा स्क्रू फिरवायचे, माणसं "व्हय अण्णा, झालं बघा" म्हणायची, आणि तिथनं निघून बायपासवरच्या गॅरेजात जाऊन ते परत नीट करून घ्यायची. तिथं अण्णांची नक्कल व्हायची. डोळे मिटून, हात वर करून. मी एकदा ओढणीला कडा लावून द्यायला तिकडं गेले होते, डोळ्यांनी बघितली. करणारा बाळूशेठ होता.

हळूहळू लोकांना दोन्हीकडं जायचा कंटाळा आला. शेडला कुलूप लागलं. अण्णा गावठाणातल्या घरी राहायला लागले, फोन उचलेनासे झाले. संजयला मुलगी झाली तेव्हा त्यानं फोन मला केला. म्हणाला, "ताई, अण्णांना कळवा. बारशाला या म्हणावं. त्यांनीच नाव ठेवायचं." किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. मी निरोप दुसऱ्याच्या हाती पाठवला. माझ्या तोंडून ऐकला असता तर आले नसते.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते बारशाच्या आदल्या दिवशी, स्टँडवर. मला अस्तराचं कापड आणायला बार्शीला जायचं होतं, गाडी तीच, पुढं पुण्याला जाणारी. अण्णा आधीच येऊन बसले होते, रोजच्या फलाटासमोरच्या बाकावर. नवा पांढरा सदरा होता. दुसऱ्या कुणीतरी शिवलेला, कॉलर गळ्याला उभीच राहत न्हवती. मांडीवर पिशवी. पिशवीतनं लाल-पिवळ्या खुळखुळ्याचं टोक बाहेर आलेलं.

तेवढ्यात स्पीकरवर पुकारलं, पुण्याची गाडी आज पलीकडच्या फलाटावर लागलीय. सगळा घोळका उठला आणि पिशव्या सावरत तिकडं पळाला. अण्णांच्या मागनं गेला सगळा लोंढा. ते समोर बघत बसलेले. मी गाडीत चढले, जागा धरली, खिडकीतनं बघितलं, तर बाकावर एकटे अण्णा. कंडक्टर तिकिटं फाडत होता. मी त्याला म्हणलं, दादा, जरा थांबा, आणि खाली उतरून पळत गेले.

समोर जाऊन उभी राहिले. हात करून दाखवलं. "अण्णा, गाडी तिकडं लागलीय. आत्ता पुकारलं. चला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग रिकाम्या झालेल्या बाकांकडं बघितलं, आणि त्यांना समजलं. मी बघितलं त्यांना समजताना.

"ऐकलंय म्या," ते म्हणाले.

"मग चला की. सुटतीय."

"ऐकलंय म्हणलं ना. मला मागच्या गाडीनं जायचंय."

मागची गाडी रात्रीची, तीही फक्त बार्शीपर्यंत. हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. मी त्यांचा दंड धरला. "अण्णा, नात हाय. पाया पडते तुमच्या." त्यांनी हात सोडवून घेतला, रागानं न्हाय, सावकाश, आणि तोंड फिरवलं. कंडक्टरनं घंटी मारली. मी पळत जाऊन चढले.

गाडी मागं आली आणि वळसा घेऊन त्यांच्या बाकासमोरनंच निघाली. अण्णांना वाटलं असावं आता बघायला कुणी न्हाय. त्यांनी पिशवीतनं तो खुळखुळा काढला, कानाजवळ धरला आणि हलवला. मग दुसऱ्या कानाजवळ धरला. गाडी गेटातनं बाहेर पडली तोवर ते तो हलवतच होते.